उतारावरचा आवाज

“हात सैल सोड. पोतं उचलायचं न्हाई तुला,” आप्पा म्हणाले.

मी शेडच्या भिंतीला पाठ टेकवून अनवाणी उभी होते. टेपचं एक टोक खांद्यावर मी धरलं होतं, दुसरं मनगटापाशी आप्पांनी. पलीकडं लेथवरचे इलाहीभाई काम थांबवून भिंतीवर खडूनं आकडे लिहून घेत होते. हात, धड, कंबरेपासून टाच. आप्पांनी प्रत्येक माप तीनतीनदा घेतलं, आणि तिन्ही वेळा तेच आलं तरी त्यांचं समाधान होईना.

“डावा हात पाव इंच लांब हाय हिचा.”

“सगळ्यांचाच असतोय, केरबा,” इलाहीभाई म्हणाले.

“सगळ्यांची सायकल मी कराय लागलो न्हाई.”

शेडच्या दारात स्टुलावर आमचे प्रशिक्षक रणदिवे सर बसले होते. मांडीवर एका परदेशी कंपनीचा जाडजूड, गुळगुळीत कॅटलॉग. त्यात एका पानाचा कोपरा दुमडलेला. त्या पानावरची लाल-काळी सायकल मी इतक्या वेळा बघितली होती, की डोळे मिटले तरी दिसायची.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शेड होती. केरबा लोहार म्हणजे वाकडी चासी सरळ करणारा माणूस. आपटलेल्या मोटारसायकली सांगली-निपाणीहून त्यांच्याकडं यायच्या. मी एकोणीस वर्षांची होते. डोंगरातल्या सायकल शर्यतीत राज्यात दुसरी आले होते, दोन महिन्यांवर राष्ट्रीय स्पर्धा होती, आणि नवीन सायकलसाठी एका संस्थेनं मला रक्कम दिली होती. तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की तयार सायकल विकत आणायची, की आप्पांनी ती बनवायची.

“केरबाजी, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही,” सर म्हणाले. “पण मुलगी नॅशनलला चाललीय. तिथं प्रयोग नकोत. कंपनीची सायकल हजार वेळा तपासलेली असते. पेटीतून काढायची, हँडल सरळ करायचं, बसायचं.”

“आनि हिच्या अंगाला बसली न्हाई तर?”

“तीन साइज असतात.”

“देशात बाया तीनच मापाच्या हैत व्हय?”

इलाहीभाई खुदकन हसले. सर हसले नाहीत. सर वाईट माणूस नव्हते, पण कॅटलॉगवर त्यांची श्रद्धा होती. ते शांतपणे म्हणाले, “फ्रेम तुटली तर कंपनी बदलून देते.”

“फ्रेम देती. पोरगी बदलून देती काय?”

शेवटी तोडगा आप्पांनीच काढला. फ्रेम ते स्वतःच्या खर्चानं करणार. चाकं, ब्रेक, पुढचा शॉकअप, सगळं माझ्या जुन्या सायकलचं चढवायचं. पंधरा दिवस मी ती चालवायची आणि मग मीच ठरवायचं. पसंत पडली तर त्या रकमेतून नवे भाग आणायचे, नाही पडली तर सरांनी दुमडलेलं पान उघडायचं.

“न्हाई म्हणलीस तरी मला राग न्हाई,” आप्पा मला म्हणाले. “फकस्त कारण सांगायचं.”

*

फ्रेम करायला त्यांना बारा दिवस लागले. पोलादाच्या पातळ, चिवट नळ्या त्यांनी कुणाकडून तरी पुण्याहून मागवल्या. नळ्या जागच्या हलू नयेत म्हणून आधी लोखंडी साचा केला, मग साचा चुकला म्हणून तो मोडून दुसरा केला. वेल्डिंग करताना शेडचं दार लावून घ्यायचे, वारा लागू नये म्हणून. उद्यमनगरातली माणसं चहाच्या निमित्तानं यायची, जोडावरून बोट फिरवायची आणि मान डोलवून जायची. आईनं घरी देवापुढं साखर ठेवली. मी लहान असताना आमच्याकडं पहिली मोटारसायकल आली होती, तेव्हाही तिनं एवढं केलं नव्हतं.

आणि सायकल चांगली होती. हे मी स्पष्ट सांगते, कारण पुढं लोक काय काय बोलले. ती उत्तम होती. कात्यायनीच्या डोंगरावर पहिल्याच दिवशी चढाला लागले, तेव्हा मला मागंपुढं सरकून बसावं लागलं नाही. पाठीत कळ आली नाही. वळणावर नुसता खांदा कलता केला की ती वळायची. सरांनी घड्याळ लावलं आणि माझ्या जुन्या वेळेपेक्षा अडीच मिनिटं कमी निघाली. त्यांनी दोनदा काच पुसून आकडा बघितला.

“मी माझे शब्द मागे घेतो,” ते म्हणाले. “आता तुझं तू ठरव.”

आप्पांनी ती काळ्या रंगात रंगवली होती. साधा काळा. नाव नाही, पट्टा नाही, चित्र नाही. “तू जिंकलीस की लोक इचारतील कुणाची म्हणून,” असं ते म्हणायचे.

लोकांनी विचारलं, पण जिंकायच्या आधीच. पंधरा दिवसांतले तीन दिवस पुण्यात सिंहगडाच्या पायथ्याला निवडक मुलींचं शिबिर होतं. आम्ही नऊ जणी होतो. पहिल्या सकाळी सायकली रांगेनं उभ्या केल्या, तेव्हा आठ सायकलींवर आठ नावं झळकत होती आणि नववी माझी.

“कुठल्या कंपनीची गं?” एकीनं विचारलं.

“लोकल आहे,” मी म्हणाले.

“लोकल म्हणजे?”

“म्हणजे... कोल्हापुरात करतात.”

त्या मुलीनं जोडावर बोट ठेवलं. वाईट हेतूनं नाही. “हे दिसतं ना असं, गाठीसारखं. माझ्या दादाच्या जिमची मशीन अशी आहे,” ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. माझं बोलणं तर त्यांना पहिल्या तासातच सापडलं होतं. मी आमच्याकडच्या पोरींसारखं ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणायचे. त्या तीन दिवस मला “आला का गं तू?” असं विचारत होत्या. तिसऱ्या दिवशीच्या सरावात मी आठांपैकी सहा जणींना मागं टाकलं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. खरं तर माझ्याही राहिलं नाही.

मला लाज वाटत होती. सायकलची, आप्पांची नव्हे, असं मी स्वतःला बजावत होते. परतताना एस. टी.त खिडकीशी बसून मी ठरवून टाकलं की मला ती लाल-काळी सायकल हवी. कंपनीचं नाव असलेली हवी.

आता हे आप्पांना सांगायचं तर कारण सांगावं लागणार. आणि कारण असं की पुण्याच्या पोरी हसल्या. ते रागावले नसते. हेच तर दुखणं होतं. त्यांनी ‘बरं’ म्हणून मान हलवली असती, आणि दुसऱ्या दिवशी सरांना स्वतः फोन करून ती सायकल मागवायला सांगितलं असतं. मला ते ‘बरं’ ऐकायचं नव्हतं.

मग मी असं कारण शोधायला लागले, की ज्यात पोरी नसतील. जड आहे म्हणावं, तर ते काट्यावर ठेवतील. बसत नाही म्हणावं, तर टेप काढतील. असं काहीतरी हवं होतं, की जे मोजता येत नाही.

*

“आवाज येतोय,” मी जेवताना म्हणाले.

आप्पांचा घास हातातच राहिला. “कसला आवाज?”

“टक् टक्.”

“कुठनं?”

“काय कळत न्हाई. उतारावर येतोय. जोरात असलं की.”

“चढाला?”

“न्हाई.”

“पायडल मारताना का नुसतं सोडल्यावर?”

“नुसतं सोडल्यावर.” मला वाटलं, यांनी अजून दोन प्रश्न विचारले तर मी बोलता बोलता पकडली जाणार. म्हणून मी घाईघाईनं म्हणाले, “मला भ्या वाटतंय, आप्पा. मन लागत न्हाई उतारावर.”

आई म्हणाली, “मग राहू दे की. ती दुकानातली घ्या.”

“घेऊ की,” आप्पा म्हणाले. “पन आवाज कशाचा ते बघू आदी.” त्यांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच होती.

आप्पांची एक रीत होती आणि अख्ख्या उद्यमनगराला ती माहीत होती. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं आणि ‘आवाज येतोय’ म्हणालं, की ते पान्याला हात लावत नसत. आधी स्वतः गाडीवर बसून एक फेरी मारायचे. एका फेरीत आवाज आला नाही तर दोन, नाहीतर पार शिरोलीच्या नाक्यापर्यंत जायचे. स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय एकही नट ढिला करायचा नाही. लोक कंटाळून ‘मिस्त्री, खोला की’ म्हणायचे. हे म्हणायचे, “खोलल्यावर आवाज पळून जातोय. मग कुटं हुडकू?”

ही रीत मला पाळण्यापासून माहीत होती. पण चोपन्न वर्षांचा, गुडघा धरलेला माणूस त्या डोंगरावर सायकल घेऊन जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, ते गल्लीत दोन चकरा मारतील, काही ऐकू येणार नाही, आणि विषय मिटेल.

रविवारी सकाळी ते माझ्याबरोबर कात्यायनीला आले. उताराच्या मध्यावर, वळणाच्या अलीकडं एका दगडावर उभे राहिले. “तू वरनं ये,” म्हणाले. “मी ऐकतो.”

मी वरून आले. त्यांच्या अंगावरून सुसाट गेले. पुन्हा ढकलत वर आले.

“काय ऐकू आलं न्हाई,” ते म्हणाले. “परत.”

चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते, कानावर हात आडवा धरला होता. मी ब्रेक मारून थांबले, तर त्यांनी माझ्याकडं बघितलं. संशयानं नव्हे. वर्गात गणित न सुटलेलं पोर बघतं तसं.

“आला तुला आत्ता?”

इथं मला थांबता आलं असतं. ‘नाही आला, गेला वाटतं’ एवढं म्हणायचं होतं. पण मग सायकल चांगलीच ठरली असती आणि तीच घेऊन जावं लागलं असतं.

“आला,” मी म्हणाले. “तुमाला हितनं कसा ऐकू येणार? बसणाऱ्यालाच येतोय त्यो.”

त्यांनी मान हलवली. “ते बी खरंच,” म्हणाले.

दुपारी मी सरांना फोन केला. तयार सायकल घेऊया म्हटलं. सरांना नवल वाटलं, पण ते खूशही झाले.

“केरबाजींना सांगितलंस ना?”

“हो,” मी म्हणाले.

*

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला इलाहीभाई माझ्या कॉलेजच्या फाटकाशी आले. त्यांच्या अंगावर शेडमधला तेलकट शर्टच होता. ते म्हणाले, “वैजू, चल. केरबा पडलाय.”

“कुठनं?”

“डोंगरावर. तुझी सायकल घिऊन गेलता.”

रिक्षात इलाहीभाईच बोलत होते. सकाळी सातलाच आप्पा शेडमध्ये आले होते. त्यांनी सायकलला पाना लावला नाही, नुसतं चाकात हवा बघितली आणि म्हणाले, ‘आवाज ऐकून येतो.’

सरकारी दवाखान्यात त्यांच्या मानेला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावून ठेवलं होतं. मानेचं हाड मोडलं होतं. छातीच्या खाली काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी आईला एका बाजूला नेऊन सांगितलं, आणि आई तिथंच खाली बसली.

संध्याकाळी एक बाई आली. हौसाबाई नाव. डोंगराच्या उतरणीला तिची म्हसरं चरायची. आप्पांची एक चप्पल पदरात गुंडाळून ती घेऊन आली होती, आणि कुणाला द्यावी ते तिला कळत नव्हतं. मी घेतली.

“मी तितंच हुतो बघ,” ती म्हणाली. “पयल्यांदा आला त्यो नीट आला. ढकलत परत वर गेला. दुसऱ्यांदा बी नीट आला. म्या म्हणलं, म्हाताऱ्याला खूळ लागलंय काय! तिसऱ्यांदा येताना मान वाकडी करून, कान खाली चाकाकडं लावून आला. पुढं बघतच नव्हता. तितं वळणाला नवा चर खणलाय पाण्यासाठनं. मी वरडलो, चर हाय, चर हाय म्हणून. त्येनं ऐकलंच न्हाई.”

“सायकल मोडली काय?” आईनं विचारलं.

“सायकल कुटली मोडतीया? ती पडली हुती बाजूला. चाक फिरत हुतं.”

पण हौसाबाई एकटीच होती, आणि ती संध्याकाळच्या बसनं गावी गेली. बाकी सगळ्यांनी आपापलं ठरवलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात उद्यमनगरातली माणसं उभी होती. जोडावरून बोटं फिरवून मान डोलवणारी हीच माणसं होती. आता ती हळू आवाजात बोलत होती. घरात केलेली सायकल म्हटल्यावर असं व्हायचंच. जोड सुटला असणार. वय झालं की हात चळतोच. एकजण तर म्हणाला की गेल्या वर्षी त्याच्या गाडीची चासी केरबानं सरळ केली होती, ती आता दुसरीकडं दाखवून घ्यावी लागेल.

रणदिवे सरही आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुला आवाज येत होता, ते तू वेळेवर ओळखलंस. नशीब, तू नव्हतीस तिच्यावर.”

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी रडतेय.

इलाहीभाईंनी सायकल शेडमध्ये आणून आढ्याला टांगली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या नखांत ग्रीस होतं. मला जिन्याजवळ नेऊन म्हणाले, “सगळी खोलून बघितली मी. बेअरिंगं बघितली. जोडांवर रॉकेल टाकून चिरा बघितल्या. केसाएवढी बी चीर न्हाई. चाकं फिरवून कान लावला.” ते एक पायरी जवळ आले. “आवाज कुठनं येत हुता गं?”

“मला काय माहीत,” मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून उगाचच हात पुसले.

*

तिसऱ्या दिवशी आप्पांना जरा बोलता यायला लागलं. श्वास पुरत नव्हता, एकेक शब्द तोडून यायचा. आई खाली औषधं आणायला गेली होती. इलाहीभाई खिडकीशी उभे होते. आप्पांनी डोळ्यांनीच मला जवळ बोलावलं.

“तीनदा आलो,” ते म्हणाले. “न्हाई सापडला.”

मी त्यांचा हात धरला होता. त्यांना तो कळत नव्हता.

“कुठनं यायचा?” ते म्हणाले. “तू बसायचीस. तुला ठाऊक असंल. पुढनं का मागनं?”

आज या गोष्टीला अठरा वर्षं झाली. त्या क्षणी मी काय काय विचार केला, हे मी स्वतःला अनेक प्रकारे सांगून बघितलंय. खरं सांगितलं, तर आपण कशासाठी पडलो हे त्यांना कळेल, आणि उरलेले दिवस ते त्याचाच विचार करत पडून राहतील, म्हणून मी गप्प राहिले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मला भीती वाटली. ते माझ्याकडं बघत होते, त्यांना मान फिरवता येत नव्हती, त्यामुळं नजर काढून घेणं त्यांच्या हातात नव्हतं. त्या डोळ्यांसमोर मला ते बोलता येईना. म्हणून त्यांनी मागितलं ते मी दिलं.

“पुढनं,” मी म्हणाले. “हँडलच्या खालच्या बेअरिंगच्या वाटीतनं.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण ते विचार करत होते, शेडमध्ये करायचे तसा.

“वाटी,” ते म्हणाले. “तिरकी बसली असंल. त्या दिवशी घाई केली मी. तुझ्या आईनं जेवाय बोलवलेलं.” बराच वेळ ते श्वास घेत राहिले. “माझंच चुकलं म्हण की.”

मी खाटेची चादर सारखी करत राहिले.

“वैजू?”

“व्हय आप्पा,” मी म्हणाले.

खिडकीपाशी इलाहीभाईंनी मान वळवली. “केरबा, वाटी मी बघितलीया. वाटी एकदम...”

“तू गप,” आप्पा म्हणाले. “तिला ऐकू आलंय. बसणाऱ्यालाच येतंय.” त्यांच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, सुटल्यासारखं काहीतरी आलं होतं. खोट सापडली होती. “कापून टाक ती. आजच. कुणाच्या हाताला लागायची. कुणाचं तरी पोरगं बसंल तिच्यावर.”

“कापतो,” इलाहीभाई म्हणाले.

“नळ्या सगळ्या काप. जोडता येऊ ने. वैजूला संगं ने. तिच्यासमोर काप. तिच्या मनातलं भ्या जाऊ दे.”

*

आम्ही शेडमध्ये गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. इलाहीभाईंनी सायकल आढ्यावरून खाली काढली. चाकं उतरवली, हँडल उतरवलं, शॉकअप काढला. नुसता काळा सांगाडा उरला. तो त्यांनी व्हाइसमध्ये, कापडाचा तुकडा मध्ये घालून, रंगाला चरा जाऊ नये अशा बेतानं धरला. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि त्यांनी तो तुकडा काढून टाकला.

ग्राइंडर हाताशीच होता. त्यानं सगळा सांगाडा पाच मिनिटांत कापून झाला असता. त्यांनी भिंतीवरची हातकरवत काढली.

“माझ्याकडं बघ,” ते म्हणाले. “आवाज हुता?”

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर माझ्या हातापायांची मापं खडूत तशीच होती.

“हुता,” मी म्हणाले.

“केरबा अजून हाय. गाडी काढली तर धा मिनिटांत पोचतोय आपण.”

“हुता म्हणलं न्हवं!” मी ओरडले.

त्यांनी पातं लावलं. पोलाद चांगलं होतं. पहिली नळी तुटायला वेळ लागला. कापून झाल्यावर त्यांनी कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला, आतला जोड उजेडाकडं धरून बघितला, आणि माझ्याकडं बघितलं. मग ते दुसऱ्या नळीला लागले.

सायकलच्या सांगाड्यात आठ नळ्या असतात. प्रत्येक नळीनंतर ते थांबले. एकदा घाम पुसायला, एकदा पातं बदलायला, एकदा नुसतेच. दर वेळी माझ्याकडं बघायचे, आणि मी काही बोलत नाही म्हटल्यावर पुन्हा वाकायचे. चौथ्या नळीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते त्यांनी पुसलं नाही, दोन्ही हात करवतीला होते. मी मात्र रडले नाही. मी मोजत होते. सात झाल्या तेव्हा वाटलं, आता सांगते. तोंड उघडलंही होतं. त्यांनीही करवत थांबवली होती.

“काय?” ते म्हणाले.

“काय न्हाई,” मी म्हणाले.

साडेपाच वाजता आम्ही दवाखान्यात परत आलो. आप्पा जागे होते. इलाहीभाई आत आलेच नाहीत, दारातूनच माघारी गेले. त्यानंतर ते आमच्या घरी कधी आले नाहीत. आप्पा गेले त्या दिवशी स्मशानात लांब उभे होते, तेवढंच. लाल-काळी सायकल पंधरा दिवसांनी आली. राष्ट्रीय स्पर्धेत मी तिच्यावर सतरावी आले, आणि त्यानंतर कुठल्याच सायकलवर बसले नाही. उद्यमनगरात अजूनही कुणी घरी काही बनवायला काढलं, की जुनी माणसं केरबा मिस्त्रीचं नाव घेतात. कशासाठी घेतात, ते सांगायला नको.

पण त्या संध्याकाळी यातलं काही झालेलं नव्हतं. मी खाटेजवळ गेले आणि त्यांना दिसावी म्हणून वाकले.

“कापली?” आप्पांनी विचारलं.

“कापली.”

“सगळी?”

“सगळी, आप्पा.”

“बरं केलंस, बाळ,” ते म्हणाले. “लवकर सांगितलंस ते बरं केलंस.”